एका अभिनेत्रीची पंचाहत्तर वर्षे कशी पाहावीत

जुन्या चित्रपटांचे शौकीन सहसा दिग्दर्शकाचा माग काढत जातात. एखाद्या दिग्दर्शकाचे सगळे चित्रपट ओळीने पाहिलेले आणि त्यांवर तावातावाने बोलणारे लोक पुष्कळ भेटतात. एखाद्या अभिनेत्रीची पहिल्या चित्रपटापासून शेवटच्यापर्यंतची वाटचाल त्याच चिकाटीने पाहिलेले मात्र विरळाच. मला हा दुसरा मार्ग अधिक पदरात टाकणारा वाटत आला आहे. दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या मागे म्हातारा होतो आणि अभिनेत्री कॅमेऱ्यासमोर. दरम्यानच्या काळात फिल्म बदलते, दिवे बदलतात, आवाज येतो, गोष्ट सांगण्याची रीत पालटते आणि या सगळ्याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर व हातांच्या हालचालींत जमा होत राहतो. तो हिशेब वाचायचा कसा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उदाहरणासाठी मी अमेरिकी अभिनेत्री लिलियन गिश यांची कारकीर्द घेतली आहे. त्यांचा पहिला चित्रपट १९१२ सालचा आणि शेवटचा १९८७ सालचा. एका रिळाच्या मूकपटापासून रंगीत बोलपटापर्यंतचा हा पंचाहत्तर वर्षांचा पल्ला आहे. शिवाय जुन्या चित्रपटांचे प्रेम ही त्यांच्या बाबतीत केवळ प्रेक्षकांची गोष्ट नव्हती. १९६९ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्यानंतर मूकपटांमधले वेचे दाखवत व्याख्याने देत त्या गावोगाव फिरल्या. फिल्म जपल्या पाहिजेत हे म्हातारपणी त्या ज्या कळकळीने सांगत, तेवढ्या कळकळीने त्या काळात फार थोडे लोक सांगत होते. त्यामुळे ही कारकीर्द पाहताना आपल्यासोबत आणखी एक प्रेक्षक बसलेला असतो, आणि तो म्हणजे खुद्द ती अभिनेत्री.

निवड आणि यादी

गिश यांच्याऐवजी दुसरी कोणी निवडायची असेल तर अवश्य निवडावी, पण निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. कारकीर्द निदान तीन दशकांची असावी, तिच्यात एखादा मोठा खंड किंवा वळण असावे, आणि तिने एकाहून अधिक तोलामोलाच्या दिग्दर्शकांबरोबर काम केलेले असावे. दुर्गा खोटे या कसोटीला पूर्ण उतरतात: १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधली तारामती, १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई आणि १९८० च्या ‘कर्ज’मधली आई या तीन भूमिका शेजारी ठेवल्या तरी अभ्यासाचा सांगाडा उभा राहतो. जपानच्या सेत्सुको हारा यांचा प्रकार वेगळा आहे. ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) आणि ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) यांसारख्या चित्रपटांनंतर साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्या पडद्यावरून कायमच्या बाजूला झाल्या. तिथे म्हातारपण पाहायला मिळत नाही, आणि ते न मिळणे हीच त्या कारकिर्दीची अखेर आहे.

निवड झाली की यादी करावी. यादी म्हणजे नावे आणि प्रदर्शनाची वर्षे एवढेच नव्हे. प्रत्येक चित्रपटापुढे दिग्दर्शक, छायाचित्रकार, मूळ लांबी, आणि जमल्यास चित्रीकरणाचे वर्ष लिहावे. हे शेवटचे अनेकांना किरकोळ वाटते, पण वय मोजताना तेच उपयोगी पडते. ‘द विंड’ प्रदर्शित झाला १९२८ च्या अखेरीस, पण त्याचे चित्रीकरण आदल्या वर्षीचे. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या गिश तेहेतीस वर्षांच्या आहेत. ‘द नाइट ऑफ द हंटर’ १९५५ चा, चित्रीकरण १९५४ चे. तिथे त्या साठ वर्षांच्या आहेत. अभिनेत्रीचे वय हे निव्वळ कुतूहलाचे कारण नाही. पंचवीस वर्षांची बाई पंधरा वर्षांच्या मुलीची भूमिका करते आहे, हे ठाऊक असल्याशिवाय ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये तिने खांदे किती आत ओढून घेतले आहेत ते डोळ्यांत भरत नाही.

यादीत हरवलेले चित्रपटही लिहावेत, आणि ते खोडू नयेत. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत तयार झालेल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के आज त्यांच्या मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. त्या काळी वापरात असलेली नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई, पेटली नाही तर कुजून चिकट गोळा होई, आणि बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारभाव न उरल्यामुळे स्टुडिओंनीही त्या सांभाळण्याची तोशीस घेतली नाही. गिश यांनी आयुष्यात एकच चित्रपट दिग्दर्शित केला, १९२० सालचा ‘रीमॉडेलिंग हर हजबंड’. त्यात त्यांची बहीण डोरोथी नायिका होती. त्याची एकही प्रत उरलेली नाही. वहीत त्या नावापुढे मोकळी जागा सोडली की ध्यानात राहते, की आपण जिला पूर्ण कारकीर्द म्हणतो ती खरे तर उरलेली कारकीर्द आहे.

दुसऱ्या टोकाला अतिरेकही नको. सुरुवातीच्या वर्षांत गिश यांनी बायोग्राफ कंपनीसाठी एक-दोन रिळांचे डझनावारी लघुपट केले. ते सगळे पाहण्याचा हट्ट धरला तर उत्साह तिथेच संपतो. ‘ॲन अनसीन एनिमी’ (१९१२), ‘द मस्किटियर्स ऑफ पिग ॲली’ (१९१२) आणि ‘द मदरिंग हार्ट’ (१९१३) हे तीन सुरुवातीला पुरेसे आहेत. बाकीचे पुढे गोडी लागल्यावर.

प्रत ओळखणे

हा भाग थोडा रुक्ष आहे, पण इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. ‘वे डाउन ईस्ट’ मी पहिल्यांदा पाहिला तो एका धावत्या प्रतीत. सगळी पात्रे तुरुतुरु चालत होती, माना झटके दिल्यासारख्या वळत होत्या, आणि गिश यांचा अभिनय मला भडक व उथळ वाटला. तसे मी चारचौघांत बोलूनही गेलो. दोष अभिनयाचा नव्हता. मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई, आणि सेकंदाला सोळा ते वीस-बावीस चित्रे असा त्याचा वेग बदलता असे. सेकंदाला चोवीस चित्रे हे प्रमाण आवाज आल्यावर पक्के झाले. सेकंदाला अठरा चित्रांनी टिपलेला प्रसंग चोवीसच्या वेगाने दाखवला की माणसाच्या प्रत्येक हालचालीतला ठहराव नाहीसा होतो. अभिनयाचा अर्धा अर्थ त्या ठहरावातच असतो.

म्हणून कुठलाही मूकपट लावल्यावर पहिली पाच मिनिटे कथेकडे लक्ष न देता नुसते चालणे पाहावे. कोणी जिना उतरत असेल, पेला खाली ठेवत असेल, दार लावत असेल, तर ती क्रिया आपल्या घरातल्या माणसाच्या गतीने होते आहे का, हे तपासावे. घाईने होत असेल तर संगणकावरच्या प्लेअरमध्ये वेग पाऊणपट करावा. अठराला चोवीसने भागले तर पाऊणच येतात, त्यामुळे पुष्कळ प्रती या एका बदलाने ताळ्यावर येतात. संगीतही त्याबरोबर रेंगाळते, म्हणून आवाज बंद करावा. एकूण लांबीवरूनही अंदाज येतो. ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ साधारण दीड तासाचा आहे. हातातली प्रत तासाभरात आटोपत असेल, तर ती पळवलेली किंवा कापलेली समजावी.

रंगाचेही असेच आहे. मूकपट म्हणजे काळा-पांढरा ही समजूत पुरती खरी नाही. रात्रीच्या प्रसंगांना निळी झाक, घरातल्या दिव्याच्या प्रकाशाला पिवळसर, आगीला तांबडी, अशी रंगाची झाक अनेक प्रतींना दिली जात असे, आणि ती नसेल तर भर दुपारी चित्रित केलेली रात्र दुपारच वाटते. त्याशिवाय १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रचलित असलेल्या फिल्मला लाल रंग दिसत नसे आणि निळा फार फिका दिसे. लालसर ओठ काळे उमटत, फिकट निळ्या डोळ्यांची बुबुळे पांढरी पडत. जुन्या तारकांचे गडद ओठ आणि पिठूळ चेहरे ही निव्वळ त्या काळची हौस नव्हती. ते पाहून हसण्याआधी फिल्मचा दोष आणि रंगभूषाकाराची धडपड या दोन्हींना त्यांचा वाटा द्यावा.

कोठून सुरुवात करावी

पहिल्यापासून क्रमाने पाहावे, असे सगळे सांगतात. मी सांगणार नाही. ज्याला मूकपटांची सवय नाही त्याने पहिल्या दिवशी १९१२ चा लघुपट लावला, तर त्याला एका बंदिस्त खोलीत हातवारे करणारी माणसे दिसतील आणि तो दुसऱ्या दिवशी परत येणार नाही. सुरुवात ‘द नाइट ऑफ द हंटर’ने करावी. चार्ल्स लॉटन यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. तो करण्यापूर्वी त्यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात ‘ब्रोकन ब्लॉसम्स’चे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे मूकपट पुन्हा पाहिले आणि मग ग्रिफिथ यांच्याच नायिकेला, म्हणजे गिश यांना, अनाथ मुलांना आसरा देणाऱ्या रेचल कूपरच्या भूमिकेसाठी बोलावले. एका दिग्दर्शकाचे जुन्या चित्रपटांवरचे प्रेम थेट पात्रनिवडीत उतरले, त्याचे याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

यातला रात्रीचा प्रसंग नीट पाहावा. बाहेर कुंपणाशी खुनी धर्मोपदेशक बसून भजन म्हणतो आहे. ओसरीवर रेचल मांडीवर बंदूक घेऊन आरामखुर्चीत बसली आहे. ती त्याला गप्प करत नाही. त्याच्याच भजनात आपला सूर मिसळते, आणि तो गाळत असलेले येशूचे नाव ती गाते. शरीर जवळजवळ स्थिर, पाठ ताठ, बंदुकीवरचे हात सैल. भीती दाखवायची सोय अभिनेत्रीने स्वतःहून नाकारली आहे. हा प्रसंग मनात ठेवून १९१९ च्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’कडे जावे, कारण तिथे हीच बाई भीतीखेरीज दुसरे काहीच दाखवत नाही. त्यानंतर मात्र क्रमाने जायला हरकत नाही.

एकच प्रसंग दोनदा

प्रत्येक चित्रपट पूर्ण पाहून झाल्यावर त्यातला एक प्रसंग निवडावा आणि तो दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा. बोलपटालाही हाच नियम. पहिल्या वेळी आपण कथेच्या मागे धावत असतो. दुसऱ्या वेळी शेवट ठाऊक असल्याने नजर मोकळी होते. या वेळी तीन प्रश्न पुरतात: हात काय करताहेत, ती केव्हा काहीच करत नाही, आणि कॅमेरा जवळ आल्यावर ती काय कमी करते. तिसरा प्रश्न कळीचा आहे. रंगमंचावरून आलेली नटी कॅमेरा जवळ आला तरी शेवटच्या रांगेसाठी अभिनय करत राहते. जिला पडदा कळला आहे ती अंतराप्रमाणे आवरते. गिश लहानपणापासून नाटकांतून फिरल्या होत्या, तरी हे आवरणे त्यांना आश्चर्य वाटावे इतक्या लवकर साधले.

‘द मदरिंग हार्ट’ घ्यावा. नायिकेचे तान्हे मूल गेले आहे. गिश त्या वेळी एकोणीस वर्षांच्या होत्या. त्या रडत नाहीत. घराबाहेर बागेत जातात, काठी उचलतात आणि गुलाबाची झुडपे झोडपून काढतात. सुरुवातीचे फटके यांत्रिक आहेत, जणू काही काम उरकायचे आहे; मग त्यांना जोर येतो, आणि शेवटी हात थांबतो तेव्हा काय घडले ते तिलाच उशिरा कळल्यासारखे दिसते. शोकासाठी छाती पिटणे हा त्या काळचा रूढ मार्ग असताना हा मार्ग निवडला गेला आहे, हे वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे.

‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये लूसी नावाच्या मुलीला तिचा दारुडा, मुष्टियोद्धा बाप दरडावतो, की जरा हस. तिला हसू कुठून येणार? ती दोन बोटे ओठांच्या कोपऱ्यांना लावते आणि ते वर ढकलते. बोटे काढली की ओठ खाली येतात. हा प्रसंग थांबवत थांबवत पाहिला तर दिसेल की खालच्या अर्ध्या चेहऱ्यावर हास्याचा आकार आहे आणि वरच्या अर्ध्यावर, डोळ्यांत, बापाच्या पुढच्या ठोशाचा अंदाज घेणे चालू आहे. चित्रपटात ही बोटे पुन्हा पुन्हा येतात आणि लूसी मरते तेव्हाही येतात. एक हालचाल संपूर्ण चित्रपटभर कशी वाहून न्यायची, याचा धडा म्हणून हे पाहावे. आणि त्याच चित्रपटात कपाटात कोंडून घेतलेली लूसी बाप कुऱ्हाडीने दार फोडत असताना त्या अरुंद जागेत स्वतःभोवती गरगर फिरते, तेव्हा उलट काय होते तेही पाहावे. तिथे एकही हालचाल योजलेली वाटत नाही. प्रत्येक फेरीत हात वेगळ्या भिंतीला लागतो, आणि ओरडण्यासाठी उघडलेल्या तोंडातून आवाज येणार नाही हे ठाऊक असूनही आपण कान टवकारतो.

‘द विंड’ पाहताना याच प्रश्नांची उत्तरे बदललेली सापडतील. दिग्दर्शक बदलला आहे. स्वीडनहून आलेले व्हिक्टर स्योस्त्रोम यांना गिश यांनीच आग्रहाने निवडले होते, कथाही त्यांनीच स्टुडिओला सुचवली होती. चित्रीकरण मोहावी वाळवंटात झाले आणि वादळासाठी विमानांचे पंखे लावून वाळू उडवली गेली. नायिका लेटी आत्मरक्षणासाठी एका पुरुषाला ठार मारते, त्याला वाळूत पुरते, आणि मग खिडकीतून पाहते तो वारा ती वाळू पुन्हा उडवून नेतो आहे. इथे हातांना काम नाही. सगळे डोळ्यांवर आले आहे, आणि ते डोळे एका ठिकाणी खिळलेले असूनही त्यांत काहीतरी हळूहळू मोठे होत जाताना दिसते. १९१३ मध्ये काठीने जे सांगितले ते १९२७ मध्ये काचेमागून नुसत्या बघण्याने सांगितले आहे. मधल्या चौदा वर्षांत कॅमेरा जवळ सरकला होता आणि हेंड्रिक सार्टोव्ह यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी गिश यांच्या चेहऱ्यासाठी मऊ प्रकाशाची खास रीत बसवली होती, हे यादीतल्या छायाचित्रकारांच्या रकान्यावरून लक्षात येईल. ‘द विंड’ मात्र जॉन अर्नोल्ड यांनी चित्रित केला. तिथे तो मऊपणा शोधून पाहावा. बराचसा वाळूने खरवडून काढला आहे.

रिकामी वर्षे

यादीत जिथे नावे विरळ होतात तिथे बहुतेक लोक पान उलटतात. तसे करू नये. गिश यांनी १९३० साली पहिला बोलपट केला, १९३३ साली आणखी एक, आणि मग १९४२ पर्यंत पडद्यावर काहीच नाही. ‘मूकपटाची तारका, आवाज आल्यावर संपली’ असा सोपा निकाल इथे देता येतो आणि तो चुकीचा ठरतो. त्या वर्षांत त्या न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर होत्या. चेखॉव्हच्या ‘अंकल व्हान्या’त त्यांनी काम केले आणि १९३६ साली जॉन गीलगुड यांच्या ‘हॅम्लेट’मध्ये त्या ऑफीलिया होत्या. त्या प्रयोगांचे चित्रण आपल्यापाशी नाही. पण १९४६ च्या ‘ड्युएल इन द सन’मध्ये, ज्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, त्या बोलतात कशा, वाक्याच्या शेवटी आवाज खाली न पाडता कसा सोडतात, हे ऐकले की रंगभूमीवरची ती वर्षे कुठे मुरली ते कळते. या टप्प्यावरचे चित्रपट एकदा डोळे मिटून ऐकावेत. मूकपटांच्या अभिनेत्रीसाठी हा सल्ला विचित्र वाटेल, पण त्याचा उपयोग होतो.

छोट्या भूमिकाही वगळू नयेत. रॉबर्ट आल्टमन यांच्या ‘अ वेडिंग’ (१९७८) मध्ये त्या घरातल्या आजी आहेत आणि लग्नाच्या दिवशी, चित्रपट जेमतेम सुरू झाला असताना, अंथरुणातच मरतात. सगळा गोंधळ नंतर घडतो. ऐंशीच्या घरातल्या अभिनेत्रीला दिग्दर्शक असे काम देतो तेव्हा तिच्या मागे असलेला सगळा काळ तो न सांगता वापरत असतो.

आठवणींवर किती विसंबावे

चित्रपट पाहून झाल्यावरच आत्मचरित्र वाचावे. आधी वाचले तर पडद्यावर आपण तेच किस्से शोधत बसतो. गिश यांच्या आठवणी वाचनीय आहेत: पहिल्या दिवशी दोघी बहिणी ओळखू याव्यात म्हणून ग्रिफिथ यांनी त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या फिती बांधायला लावल्या, आणि ‘वे डाउन ईस्ट’मध्ये हिमखंडावर निपचित पडलेल्या नायिकेचा हात व केस गोठत्या पाण्यात सोडण्याची कल्पना त्यांची स्वतःचीच होती, ज्यामुळे तो हात त्यांना पुढे आयुष्यभर त्रास देत राहिला. हे वाचताना मजा येते. पण सांगणारी व्यक्ती आयुष्यभर गोष्टी सांगण्याचेच काम करत आली आहे, याचा विसर पडू देऊ नये. त्यांचे जन्मवर्षही कित्येक संदर्भग्रंथांत १८९६ असे छापले जात होते. खरे वर्ष १८९३ आहे. ‘द विंड’चा मूळ शोकान्त शेवट स्टुडिओने बदलायला लावला ही गोष्ट त्यांनी अनेकदा सांगितली, आणि ती इतकी नाट्यमय आहे की सगळ्यांनी ती उचलली, पुढच्या अभ्यासकांनी मात्र पटकथेच्या कागदांवरून ती तितकी सरळ नसल्याचे दाखवले आहे. माझी रीत अशी, की आठवण वहीच्या डाव्या पानावर आणि पडद्यावर दिसलेले उजव्या पानावर. दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायचे नाही.

जे पाहवत नाही त्याचे काय करावे

जुन्या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि गिश यांच्या बाबतीत तो यादीत अगदी वरच आहे. १९१५ चा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा ग्रिफिथ यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट. त्यात गिश नायिका आहेत, आणि कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेला त्याने त्राता म्हणून उभे केले आहे. प्रदर्शनाच्या वेळीच त्याविरुद्ध निदर्शने झाली होती, त्यामुळे ‘तेव्हा कोणाला कळत नव्हते’ ही सबब चालत नाही. त्याच वर्षी ती संघटना नव्याने उभी राहिली आणि या चित्रपटाचा तिला उपयोग झाला. २०१९ साली ओहायोतील बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या चित्रपटगृहाला दिलेले गिश भगिनींचे नाव याच कारणाने काढून टाकले. ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ही निर्दोष नाही. त्यातला सहृदय चिनी तरुण एका गोऱ्या नटाने डोळे बारीक करून रंगवला आहे.

असे चित्रपट वगळावेत असे मी म्हणत नाही, आणि ‘काळाच्या चौकटीत पाहावेत’ एवढे म्हणून मोकळे होणेही मला पटत नाही. एक व्यवहार्य मार्ग सुचवतो. असा चित्रपट एका बैठकीत पाहू नये, आणि एकट्याने तर नाहीच. त्याविरुद्ध त्या काळी काय बोलले गेले ते आधी वाचावे. मग वहीत अभिनयाची नोंद आणि आक्षेपाची नोंद एकाच पानावर करावी, म्हणजे पुढे पान उलटताना एक वाचून दुसरी गाळता येणार नाही.

शेवटचा चित्रपट

‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ शेवटीच पाहावा. अमेरिकेतल्या मेन राज्यालगतच्या एका बेटावर लिंडसे अँडरसन यांनी तो चित्रित केला. त्यात गिश आणि बेटी डेव्हिस दोन म्हाताऱ्या बहिणी आहेत, सारा आणि आंधळी झालेली लिबी. चित्रीकरणाच्या वेळी गिश त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. कथा फारशी नाही. एक दिवस, एक घर, समुद्र, आणि नवी खिडकी बसवावी की नाही यावरून धुसफुस. घाईने पाहणाऱ्याला तो संथ वाटेल, पण इथवर आलेल्या माणसाला घाई नसावी.

यात सारा आपल्या दिवंगत नवऱ्याच्या तसबिरीपुढे गुलाब ठेवून, लग्नाच्या वाढदिवशी एकटीच त्याच्याशी बोलते. आवाज बंद करून हा प्रसंग पाहावा. मग लिबीचे लांब पांढरे केस ती विंचरते तो प्रसंग पाहावा, आणि त्यात केवळ हातांकडे लक्ष द्यावे: फणी केसांत कुठे अडते, दुसरा हात केव्हा आधाराला येतो, एका फणीनंतर दुसरी फिरवण्याआधी किती वेळ जातो. वय झालेल्या हातांची संथ गती कोणती आणि अभिनेत्रीने मुद्दाम घेतलेला वेळ कोणता, हे वेगळे करण्याचा प्रयत्न करावा. मला अजून ते पुरते साधलेले नाही.

ते पाहून झाल्यावर चित्रपट तिथेच थांबवावा, वहीत १९१३ चे पान काढावे आणि ‘द मदरिंग हार्ट’ योग्य वेगाने पुन्हा लावावा. तो जेमतेम अर्ध्या तासाचा आहे, आणि गुलाबाची झुडपे शेवटाकडे येतात.